लेझरची पॉवर कमी पडतेय? ट्यूबला शिव्या द्यायच्या आधी

परवापर्यंत ३ एमएमचं ॲक्रिलिक एका पासमध्ये सुटत होतं, आज त्याच सेटिंगला पीस खालून चिकटून राहतोय, दोन पास दिले तर कड काळी पडतेय आणि एमडीएफचं तर विचारूच नका. मग मशीनवाल्याला फोन, आणि पलीकडून उत्तर ठरलेलं, "ट्यूब गेली साहेब." गेली असेलही, काचेची ट्यूब, जिच्यात लेझर तयार होतो, ही संपणारीच वस्तू आहे, पण न बघता फोनवर सांगितलेलं निदान म्हणजे अंदाज, आणि त्या अंदाजाचे पैसे तुमच्या खिशातून जातात. या अख्ख्या साखळीत ट्यूब सगळ्यात महाग आणि बदलायला सगळ्यात किचकट, म्हणून तिच्यावर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. आधी फुकट होणाऱ्या टेस्ट, मग शंभर-दोनशेच्या, मग हजारातल्या.

हे सगळं काचेच्या ट्यूबवाल्या सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसच्या, लेझर मशीनबद्दल आहे, टेबलावरच्या छोट्या के-४० मशीनपासून ते १३०० बाय ९०० एमएमच्या बेडवाल्या मशीनपर्यंत. फायबर मार्किंगवाल्यांचं दुखणं वेगळं, त्यात ना गॅसची ट्यूब ना पाणी, त्यांनी आधी खालची एफ-थीटा लेन्स पुसून फोकस बघावा, बाकीचं इथलं फारसं लागू नाही.

हात घालायच्या आधी दोन गोष्टी

सीओटू लेझरची वेव्हलेंग्थ १०.६ मायक्रॉन, म्हणजे डोळ्याला अजिबात दिसत नाही. जो लाल ठिपका दिसतो तो वेगळ्या डायोडचा असतो, खरा बीम नाही. तो बीम डोळ्याच्या पुढच्या पडद्यालाच जाळतो, आणि टेस्ट करताना नेमकं झाकण उघडं ठेवायचा मोह होतो. १०.६ मायक्रॉनचा गॉगल घाला, फायबरचा १०६४ वाला गॉगल घालून "आहे की" म्हणू नका, दोन्ही वेगळे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. ट्यूबच्या लाल वायरला पेटताना १५-२० हजार व्होल्ट किंवा त्याहून जास्त असतात. मेन स्विच बंद केला तरी सप्लाय (ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा डबा) आणि ट्यूबमध्ये चार्ज उरतो. मागचं कव्हर उघडायचं असेल तर प्लग काढा, थोडा वेळ जाऊ द्या, आणि अर्थिंगची वायर नीट आहे का ते बघा. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर हे मशीन चालवणारे लोक आहेत, त्यांनी पॉवर कमी का झाली हा प्रश्न नंतर सोडवावा, आधी इलेक्ट्रिशियन बोलवावा.

खरंच पॉवर कमी झालीय का?

हा प्रश्न कोणी विचारतच नाही. नवीन आलेली एमडीएफची लॉट जड असते, आतला ग्लू वेगळा असतो, पावसाळ्यात शीट ओल धरते आणि मग तीच ३ एमएमची शीट ३.३ भरते, कॅलिपर लावून बघा. प्लायचं तर काय, आत ग्लूची गाठ आली की लेझर तिथेच अडकतो. गणपतीच्या सीझनला मखरांचं काम सुरू असतं, ऐन पावसात गोडाऊनमधून निघालेल्या शीट येतात, आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांच्या ट्यूबा "जातात", यात किती ट्यूब खरंच गेल्या हा वेगळा विषय.

म्हणून एक चांगलं कास्ट ॲक्रिलिक, ३ किंवा ५ एमएमचं, नुसतं टेस्टसाठी बाजूला ठेवा. कामाला वापरायचं नाही. मशीन छान चालतंय तेव्हा त्यावर २५ एमएमचे चौकोन कापा, पॉवर तीच ठेवून स्पीड वाढवत न्या, आणि कुठल्या स्पीडला पीस स्वतःहून पडायचा थांबतो तो आकडा मशीनच्या आतल्या बाजूला मार्करने लिहा. पुढे शंका आली की तेच मटेरियल, तीच पॉवर. आकडा तोच आला तर मशीन ठीक आहे, सप्लायरशी भांडा. आज ज्यांच्याकडे हा जुना आकडा नाही त्यांना थोडं अंदाजाने चालावं लागेल.

आता सेटिंग. दुकानात दोन-तीन जण मशीन चालवत असतील तर कोणीतरी काहीतरी बदललेलं असतंच. रुइडा कंपनीच्या कंट्रोलरवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या बोर्डवर, मिन आणि मॅक्स अशा दोन पॉवर असतात, हेड सरळ रेषेत पूर्ण स्पीडला पळतं तेव्हा मॅक्स लागते आणि कोपऱ्यात, वळणावर हेड हळू होतं तेव्हा मिनकडे उतरते. त्यामुळे सरळ कडा सुटतात पण कोपरे अडकतात असं होत असेल तर ट्यूबकडे बघूच नका, मिन पॉवर वाढवा. उलट मिन १०-१२ टक्क्यांच्या खाली ठेवली तर बऱ्याच ट्यूब त्या पॉवरला पेटतच नाहीत, आणि कोपऱ्यावर चक्क न कापलेला तुकडा राहतो.

मग फोकस. बेडवर राख-डांबर साचून जाळी वर आलेली असते, शीट वाकलेली असते, हेड कुठेतरी आपटून नोझल सरकलेली असते. लाकडाची एक पट्टी एका बाजूने २० एमएम उचलून तिरकी ठेवा, तिच्यावर लांब एक रेघ मारा, हलक्या पॉवरने. रेघ जिथे सगळ्यात बारीक तिथे खरा फोकस. तिथली उंची मोजा आणि तुमच्या गेजशी जुळवा. नेहमीची २ इंची, म्हणजे ५०.८ एमएमची लेन्स असेल तर एक-दीड एमएमचा फरक जाड मटेरियलला लगेच जाणवतो.

बेडच्या कुठल्या कोपऱ्यात कमी पडतंय

इथून खरं निदान सुरू होतं. तोच टेस्ट चौकोन बेडच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये कापा. ट्यूबजवळच्या कोपऱ्यात मस्त कापतंय आणि लांबच्या कोपऱ्यात नाही, असं असेल तर ट्यूब निर्दोष, मामला अलाइनमेंटचा. सगळीकडे सारखंच कमी असेल तर पुढे जायचं, लेन्स, आरसे, पाणी, सप्लाय, ट्यूब. पाच मिनिटांची ही टेस्ट अर्धं मशीन संशयातून बाहेर काढते आणि तरीही लोक ती करत नाहीत.

अलाइनमेंटसाठी मास्किंग टेप पुरे. पहिला आरसा ट्यूबच्या तोंडासमोर फिक्स असतो, दुसरा गँट्रीबरोबर, म्हणजे हेड ज्या आडव्या दांड्यावर पळतं त्याच्याबरोबर, मागेपुढे जातो, तिसरा हेडवर. दुसऱ्या आरशाच्या फ्रेमवर टेप लावा, गँट्री पहिल्या आरशाच्या अगदी जवळ आणा, छोटासा पल्स, म्हणजे क्षणभर बीम, मारा, मग गँट्री लांब न्या आणि त्याच टेपवर पुन्हा पल्स. दोन्ही डाग एकावर एक पडले तर ठीक, नाहीतर पहिल्या आरशाचे स्क्रू अगदी थोडे थोडे फिरवून लांबचा डाग जवळच्या डागावर आणायचा. लक्षात ठेवा, लांबचा जवळच्यावर, उलटं करत बसलात तर दिवस जाईल. मग हाच खेळ दुसरा आरसा आणि हेड यांच्यात. शेवटी नोझलच्या तोंडाला टेप लावून पल्स मारा, डाग भोकाच्या मधोमध पडायला हवा. बीम नोझलच्या आतल्या भिंतीला घासत असेल तर डाग चंद्रकोरीसारखा येतो, नोझल गरम होते आणि कापलेली कड एका बाजूला तिरकी येते. बरीचशी "कमी झालेली पॉवर" ही अशी नोझल तापवण्यातच जात असते.

पल्स मारताना पॉवर कमी ठेवा, टेप जळून त्याचा धूर आरशावर बसला तर एक काम करताना दुसरं वाढवून ठेवाल.

लेन्स आणि आरसे

सगळीकडे सारखी पॉवर कमी असेल तर सगळ्यात आधी लेन्स काढा. ही पिवळसर-केशरी रंगाची असते, झिंक सेलेनाइडची, दहा मायक्रॉनचा बीम साध्या काचेतून जात नाही म्हणून हे खास मटेरियल. मऊ असतं, रगडून पुसलं की चरे पडतात, आणि लेन्स फुटली-जळली तर तिची पूड विषारी असते, तुकडे हाताने गोळा करू नका. आधी ब्लोअरने, म्हणजे हातातल्या रबरी पंपाने, धूळ उडवायची, मग लेन्स टिश्यू किंवा चांगला कॉटन बड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओला करून एकाच दिशेने ओढायचा, दाब न देता, आणि तोच बड पुन्हा वापरायचा नाही. तोंडाने हा करून शर्टाला पुसणारे महाभाग असतात, त्यांच्या लेन्सचं आयुष्य त्यांच्याच हातात.

स्वच्छ झाली की उजेडासमोर तिरकी धरून बघा. मध्ये दुधी डाग, बारीक भाजल्यासारखा ठिपका, जाळीसारख्या चिरा, कोटिंगचा पोपडा, यातलं काहीही दिसलं तर ती लेन्स गेली, पुसून काही होणार नाही. परत बसवताना फुगीर बाजू वर, म्हणजे येणाऱ्या बीमकडे. सपाट बाजू वर बसली तरी मशीन चालतं, पण ठिपका मोठा पडतो आणि फोकसची उंची सरकते, आणि "लेन्स साफ केल्यापासून पॉवरच कमी झाली" ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

आरसे पण तसेच. सोनेरी दिसणारे सिलिकॉनवर सोन्याचं कोटिंग असलेले असतात, ते नाजूक. चकचकीत स्टीलसारखे दिसणारे मॉलिब्डेनमचे, ते दणकट, थोडं जास्त पुसणं सहन करतात, पण कमी बीम परावर्तित करतात. एक छोटी युक्ती सांगतो, ती फार उपयोगी पडते. दहा-पंधरा मिनिटं नेहमीचं कटिंग करा, मग मशीन बंद करून प्रत्येक आरशाच्या मागच्या होल्डरला आणि लेन्सच्या नळीला हात लावा. स्वच्छ ऑप्टिक्स बीम पुढे ढकलतात, स्वतः फारसे तापत नाहीत. जो होल्डर कोमट लागतोय तो तुमची पॉवर खातोय.

आणि कॉम्बायनर विसरू नका. ज्या मशीनमध्ये लाल ठिपका ट्यूबच्याच वाटेने येतो तिथे पहिल्या आरशाच्या आसपास झिंक सेलेनाइडची एक तिरकी चकती बसवलेली असते, खरा बीम तिच्यातून आरपार जातो. ती कोपऱ्यात असल्यामुळे कोणाचं लक्ष जात नाही. तिच्यावर धूळ बसून ती भाजली की पॉवर तिथेच अडते आणि लोक इकडे लेन्सवर लेन्स बदलत बसतात.

एवढी घाण येते कुठून, तर एक्झॉस्टचा पाइप चोंदलेला, एअर असिस्टची (कापताना नोझलमधून हवा सोडणारी) नळी दुमडलेली, कंप्रेसरच्या हवेत पाणी आणि तेल. पावसाळ्यात कंप्रेसरच्या टाकीचं पाणी रोज काढा, वॉटर सेपरेटर लावा, नाहीतर हवेबरोबर लेन्सवर शिंतोडे.

इथे सनबोर्डबद्दल बोलायलाच हवं. साइनबोर्डवाल्यांचं आवडतं मटेरियल, स्वस्त, हलकं, आणि गिऱ्हाईक हमखास म्हणतं "यावरच कापून द्या ना". सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी फोम, आणि साधं रेक्झिन म्हणजे कापडावर पीव्हीसी. लेझरखाली त्यातून क्लोरीनयुक्त ॲसिडचा धूर निघतो, तो फुप्फुसात जातो तो जातोच, पण आरशांचं कोटिंग, लेन्स, गाइडरेल, बेअरिंग सगळ्यावर गंज चढवतो. असं झालेलं ऑप्टिक्स पुसून परत येत नाही. मशीनमधल्या साध्या लोखंडी स्क्रूंवर अचानक लाल गंज दिसला तर मशीनवर काय काय कापलं गेलं ते मुलांना प्रेमाने विचारा. सनबोर्डसाठी राउटर आहे, कटर आहे.

मिलिअँपचा काटा

आता विजेकडे. ट्यूबमधून किती करंट जातोय हे दाखवणारा काट्याचा मीटर मशीनवर असेल तर नशीब, नसेल तर ० ते ३० किंवा ० ते ५० मिलिअँपचा साधा ॲनालॉग मीटर बसवून घ्या, काही शेकड्यांचं काम. तो ट्यूबच्या कॅथोडकडून, म्हणजे बीम बाहेर पडतो त्या टोकाकडून, सप्लायला परत जाणाऱ्या वायरमध्ये बसतो. लाल वायरमध्ये कधीच नाही, तिथे हजारो व्होल्ट आहेत. काम जाणकाराकडून करून घ्या. कंट्रोलरच्या डिस्प्लेवरचे टक्के म्हणजे तुम्ही मागितलेली पॉवर, मीटर म्हणजे खरोखर वाहणारा करंट, या दोन्हींत गल्लत नको.

साधारण हिशोब असा की ४० वॅटच्या छोट्या ट्यूबला १५ ते १८ मिलिअँप ही हद्द, ६० वॅटला २० च्या आसपास, ८० ला २४-२५, १०० ला २८, पण तुमच्या ट्यूबच्या स्टिकरवर जो आकडा असेल तोच खरा मानायचा. त्याच्या वर करंट नेला तर वॅट वाढत नाहीत, फक्त आत उष्णता वाढते आणि ट्यूब लवकर म्हातारी होते. जाता जाता ट्यूबची लांबीही मोजा. ७०० एमएमच्या आसपासची ट्यूब ४० वॅटची असते, हजारची ५० च्या घरातली, १२००-१२५० ची ६० ते ८०, १४५० च्या आसपास १००. मशीनवर ८० लिहिलंय आणि आत हजारची ट्यूब निघाली तर पॉवर कमी झालेली नाही, ती पहिल्यापासून नव्हतीच.

आता बघा. ५० टक्क्यांवर पल्स द्या आणि काटा वाचा.

काटा नेहमीच्या जागी आहे, स्थिर आहे, तरी कापत नाही: सप्लाय आपलं काम करतोय. दोष ट्यूबच्या गॅसमध्ये, पाण्यात किंवा पुढच्या आरशा-लेन्समध्ये.

काटाच कमी आहे: सप्लाय किंवा त्याला मिळणारा सिग्नल. सप्लायच्या छोट्या कनेक्टरवर आयएन आणि जी असे दोन पॉइंट असतात, पल्स देताना त्यांच्यात मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज बघा. पाच व्होल्टचा पीडब्ल्यूएम (भराभर चालू-बंद होऊन पॉवर ठरवणारा सिग्नल) असेल तर ५० टक्क्याला मीटर साधारण अडीच व्होल्ट दाखवतो. सिग्नल बरोबर येतोय आणि काटा चढत नाही म्हणजे सप्लाय थकला. सिग्नलच कमी असेल तर कंट्रोलर, ढिली वायर, किंवा के-४० मध्ये पुढच्या पॅनेलचा पॉट, म्हणजे पॉवर कमी-जास्त करायचा गोल नॉब. तो पॉट फार स्वस्त आणि फार वेळा बिघडतो.

काटा नाचतोय, मधेच पडतोय, आणि मागून टकटक किंवा चरचर असा आवाज येतोय: हाय व्होल्टेज कुठेतरी बॉडीवर उडी मारतंय. मशीन लगेच बंद. ट्यूबच्या लाल टोकावरचं सिलिकॉन सुटलेलं असतं, धुळीचा थर ओला झालेला असतो, वायरचं इन्सुलेशन फुटलेलं असतं. रात्रीच्या अंधारात निळी ठिणगी दिसते म्हणतात ते खरं आहे, पण जवळ तोंड नेऊन बघू नका.

आणि घरातला करंट. संध्याकाळी आसपासच्या मोटारी आणि एसी सुरू झाले की २३० चे १८० होणाऱ्या भागात दुकान असेल तर दुपारी नीट कापणारं मशीन संध्याकाळी रडतं, चिलरचा, म्हणजे ट्यूबचं पाणी गार करणाऱ्या यंत्राचा, कंप्रेसर पण उचलत नाही. एक दिवस सॉकेटवर व्होल्टमीटर लावून ठेवा. स्टॅबिलायझर ट्यूबपेक्षा स्वस्त पडतो आणि जास्त टिकतो.

पाणी

पॉवर सकाळी छान आणि दुपारनंतर कमी, अशी तक्रार असेल तर नव्वद टक्के लक्ष इथे द्या.

ट्यूबला दिलेल्या विजेचा थोडाच भाग लेझर म्हणून बाहेर येतो, बाकी सगळी उष्णता होऊन पाण्यात जाते. ट्यूबमध्ये कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हेलियम असतात. वीज नायट्रोजनला चेतवते, तो ती ऊर्जा सीओटूच्या रेणूला देतो, तो रेणू बीम सोडून खालच्या पातळीवर येतो, आणि हेलियम त्याला तिथून गार करून रिकामा करतो. गॅस गरम असेल तर ती खालची पातळी रिकामीच होत नाही, आणि करंट तेवढाच असून बीम कमी. (हा सीओटू लेझर १९६४ मध्ये बेल लॅब्समध्ये ज्यांनी शोधला ते सी. कुमार पटेल मूळचे आपल्या बारामतीत जन्मलेले, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले, हे मशीन विकणाऱ्यांनाही बहुतेक माहीत नसतं.)

पाणी १८ ते २५ डिग्रीत राहिलं पाहिजे. चिलर म्हणून सीडब्ल्यू ३००० घेतलं असेल तर तो चिलर नाहीच, आत कंप्रेसर नसतो, रेडिएटर आणि पंखा फक्त, त्यामुळे खोलीत ४० असेल तर पाणी ४० च्या खाली जाणारच नाही. विदर्भ-खानदेशात एप्रिल-मे मध्ये त्याचा उपयोग शून्य. सीडब्ल्यू ५००० आणि पुढच्यात कंप्रेसर असतो, तो खरा चिलर. बादली आणि फिश टँकचा पंप वापरत असाल तर बर्फाच्या बाटल्या टाकून दिवस काढता येतो, पण एकदम थंड पाणी तापलेल्या ट्यूबमध्ये सोडू नका, काच तडकते.

मुंबई-कोकणवाल्यांचं उलटं. जुलैत हवा २८ डिग्री आणि दमटपणा ८५ टक्के असतो तेव्हा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ थेंब होऊन बसते तो आकडा, २५ च्या घरात येतो. अशात चिलर १८ वर लावला की ट्यूबवर बाहेरून घाम येतो, बीम निघतो त्या टोकाच्या चकतीवर पाण्याचे थेंब बसतात, ते बीम शोषतात, पॉवर कमी दिसते आणि वर ती चकती तडकायची भीती, शिवाय त्याच ओलीने लाल टोकाकडे ठिणग्या. पावसाळ्यात चिलर २५-२६ ला ठेवा, किंवा खोलीत एसी लावून हवा कोरडी करा. सकाळी मशीन सुरू करताना ट्यूबच्या टोकावर टॉर्च मारून बघायची सवय लावा.

पाणी डिस्टिल्ड, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते चालतं. बोअरचं पाणी घातलं की ट्यूबच्या आतल्या नळीवर पांढरा क्षार बसतो, उष्णता बाहेर पडत नाही, आणि क्षारांचं पाणी वीजही वाहून नेतं. हिरवं शेवाळ दिसलं तर पाणी बदलायला फार उशीर झालाय. आणि बुडबुडा! ट्यूबच्या आत टोकाशी हवेचा फुगा अडकला की तिथली काच कोरडी तापते. पाणी बाहेर पडायची नळी वरच्या बाजूला ठेवा, पंप चालू ठेवून पाइप थोडा चिमटीत धरा आणि सोडा, दोन-चार वेळा केलं की फुगा निघतो.

आता ट्यूबकडे

इतकं सगळं बघून झालं, काटा बरोबर आहे, पाणी २२ वर आहे, आरसे चकाचक, तरीही कापत नाही. आता ट्यूबच्या तोंडाशीच पॉवर मोजायची, पहिल्या आरशाच्याही आधी. यासाठी हातात धरायचे जाड चकतीसारखे मीटर मिळतात, ठरलेले सेकंद बीम मारायचा आणि ते वॅट दाखवतात. आजूबाजूच्या दोन-चार दुकानदारांनी मिळून एक घ्या, रोज थोडाच लागतो. विकत घ्यायचा नसेल तर जुगाड आहे. २०० ग्रॅमचा काळा ॲनोडाइज केलेला ॲल्युमिनिअमचा ठोकळा, त्यात भोक पाडून थर्मामीटरचा प्रोब. ॲल्युमिनिअमच्या एका ग्रॅमला एक डिग्री चढवायला ०.९ ज्यूल लागतात, म्हणजे २०० ग्रॅमला १८०. बीम १५ सेकंद दिला आणि तापमान ५ डिग्री चढलं तर ९०० ज्यूल, भागिले १५, म्हणजे ६० वॅट. ठोकळा काळा हवाच, चकचकीत ॲल्युमिनिअम हा बीम सरळ तुमच्या अंगावर परतवेल. याचा आकडा तंतोतंत नसतो, पण ट्यूबच्या तोंडाशी, मग पहिल्या आरशानंतर, दुसऱ्यानंतर, लेन्सच्या आधी असं मोजत गेलात तर पॉवर नेमकी कुठे गळतेय ते लगेच कळतं. एका चांगल्या आरशामागे दोन-तीन टक्के जाणं ठीक, दहा-पंधरा टक्के गेले तर चोर सापडला.

ट्यूबच्या तोंडाशीच, पूर्ण करंट आणि थंड पाणी असताना, स्टिकरवरच्या वॅटच्या निम्मेच मिळतायत, तर हो, ट्यूब संपली. आणखी दोन खुणा आहेत. पेटलेल्या ट्यूबचा रंग जांभळट-गुलाबी असायचा तो पांढुरका, फिका दिसू लागतो, म्हणजे आतला गॅस बिघडला. दुसरं, जाड ॲक्रिलिकचा तुकडा ट्यूबच्या तोंडासमोर धरून, हातात नाही, स्टँडवर, कमी करंटला एक-दोन सेकंद बीम द्या. छान गोल, मध्ये खोल शंकू पडला तर बीम निरोगी. मेदूवड्यासारखं कडेला खोल आणि मध्ये उंचवटा, किंवा दोन तुकड्यांत फाटलेला डाग आला तर ट्यूबच्या आतली आरशांची जुळणी बिघडलीय, वॅट बरे दिसले तरी कट चांगला येणार नाही. एक्झॉस्ट चालू ठेवा, ॲक्रिलिकची वाफ पेट घेते.

गॅस न वापरताही खराब होतो, हेलियम हळूहळू निसटतोच. म्हणून "आमच्याकडे दोन वर्षं स्टॉकमध्ये पडलेली आहे, स्वस्तात देतो" अशी ट्यूब घेऊ नका. स्टिकरवर उत्पादनाची तारीख आणि टेस्टचा करंट-वॅट लिहिलेला असतो, तो फोटो आधी मागवा. पेटी आली की कुरिअरवाल्यासमोर उघडा, व्हिडिओ काढा, दोन्ही टोकांची काच आणि आतली गुंडाळलेली नळी तपासा. जुन्या ट्यूबची जाडी आणि लांबी मोजूनच नवी मागवा, ५० एमएमच्या क्लॅम्पवर ८० एमएम जाडीची ट्यूब बसत नाही, आणि १०० वॅटच्या ट्यूबला ६० वॅटचा सप्लाय पुरत नाही, त्याचा खर्च धरूनच हिशोब करा.

बसवल्यावर पाणी भरा, बुडबुडे काढा, अलाइनमेंट नव्याने करा कारण नव्या ट्यूबचा बीम जुन्याच्या जागी येत नाही. मग २०, ४० आणि ६० टक्क्यांना किती मिलिअँप, तोंडाशी किती वॅट, पाणी किती डिग्री आणि टेस्टचं ॲक्रिलिक कुठल्या स्पीडला सुटलं, एवढं मार्करने झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसकट लिहून काढा, आणि मॅक्स पॉवर ६५-७० टक्क्यांच्या वर कोणी नेऊ नये म्हणून कंट्रोलरला पासवर्ड टाका.